बर्फावर पाऊल ठेवायचं, की बाल्कनीतून बघायचं?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं सांगलीत विश्रामबागला राहतो. मी बँकेतून निवृत्त झाले, वय ६३. हे हायस्कुलात भूगोल शिकवायचे, वय ६९. जन्मभर फळ्यावर अंटार्क्टिका काढला, आता एकदा डोळ्यांनी बघायचाच, असं यांनी मनावर घेतलं आहे. दोन वर्षांपूर्वी मिरजेत यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. रक्त पातळ करायची गोळी आणि बीपीची गोळी चालू आहे. चालणं-फिरणं चांगलं आहे. माझा मात्र डावा गुडघा कुरकुरतो. दोन जहाजांची माहितीपत्रकं मागवली आहेत. एक मोठं, अडीच हजार प्रवाशांचं, बाल्कनीची खोली आणि भाडं कमी. दुसरं १७० जणांचं, खोली लहान आणि भाडं जवळपास दुप्पट. पुण्याचा मुलगा म्हणतो, “बर्फच बघायचा तर मनालीला जा. आणि जहाज बुडालं म्हणजे?” एफडी मोडावी का? आम्ही शाकाहारी आहोत. यांना तिथलं भारताचं ‘मैत्री’ संशोधन केंद्रही बघायचं आहे. जाऊ की नको, ते स्पष्ट सांगा.
ता. क. मला तिथे साडी नेसून पेंग्विनबरोबर फोटो काढायचा आहे. हसू नका.
— एक वाचक, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार. स्पष्ट विचारलंत, तर स्पष्टच सांगते. जा. पण मोठ्या जहाजाने जाऊ नका, आणि सरांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी लेखी ‘हरकत नाही’ म्हटल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका.

आधी जहाजाचं बघू, कारण तुमचा खरा घोळ तिथेच आहे. दोन्ही माहितीपत्रकांवर पेंग्विनचे फोटो आहेत, म्हणून दोन्ही सहली एकच वाटतात. त्या एक नाहीत. अंटार्क्टिकाला प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांची ‘आयाटो’ नावाची संघटना १९९१ साली स्थापन झाली आणि तिथली बहुतेक जहाजं तिचे नियम पाळतात. पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला तिथे एकाही माणसाला किनाऱ्यावर उतरवता येत नाही. म्हणजे तुमचं अडीच हजारांचं जहाज काही दिवस हिमनगांमधून फिरेल, तुम्ही बाल्कनीत चहा घेत बघाल आणि परत याल. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्यांना पायऱ्यासुद्धा चढवत नाहीत त्यांच्यासाठी तेच योग्य. पण ज्या माणसाने जन्मभर तो खंड फळ्यावर काढला, त्याला तो कठड्याआडून दाखवून परत आणायचं? त्यापेक्षा भाड्याचे पैसे वाचवा.

लहान जहाजांतही एक खाचखळगा आहे. एका जागी एका वेळी शंभरच प्रवासी किनाऱ्यावर उतरू शकतात, आणि दर वीस जणांमागे निदान एक मार्गदर्शक लागतो. तुमचं जहाज १७० जणांचं आहे. म्हणजे निम्मे लोक किनाऱ्यावर असतील तेव्हा उरलेले रबरी बोटीतून हिमनगांभोवती फिरतील, मग अदलाबदल. शंभरच्या आतलं जहाज असेल तर सगळे एकदम उतरतात आणि किनाऱ्यावर वेळ जास्त मिळतो, पण अशी जहाजं थोडी आणि बहुधा महाग. माझ्या मते १७०चं तुम्हाला छान आहे. बोटीतली फेरी बसून होते, गुडघ्याला तेवढीच विश्रांती.

आता किनाऱ्यावर उतरतात कसं ते सविस्तर सांगते, कारण गुडघ्याचा निर्णय त्यावरच आहे. जहाज किनाऱ्याला लागत नाही. तिथे धक्काच नाही. जहाज लांब उभं राहतं आणि ‘झोडियाक’ म्हणतात त्या फुगवलेल्या रबरी बोटीतून दहा-दहा जणांना नेतात. खालच्या मजल्यावर बूट-कपडे चढवायची खोली असते. तिथे लाइफ जॅकेट घालायचं, गमबूट जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बुडवायचे आणि आपण बाहेर पडलो याची नोंद करायची, म्हणजे परतताना कोणी किनाऱ्यावर राहिलं तर लगेच कळतं. मग जहाजाच्या अंगाला लावलेल्या शिडीसारख्या जिन्याने खाली जायचं. खाली बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. हातात काहीही धरायचं नाही, कॅमेरासुद्धा नाही. बोटीतला माणूस तुमचा पंजा धरत नाही, कोपराच्या खालचा हात धरतो आणि तुम्हीही त्याचा तसाच धरायचा. अशी पकड ओल्या हातमोज्यांतूनही सुटत नाही. तो “आता” म्हणाला की एक पाय बोटीच्या फुगीर काठावर, दुसरा आत, आणि लगेच खाली बसून काठावरून सरकत पुढे जायचं. किनाऱ्याला लागल्यावर पाय बाहेर टाकून घोट्याएवढ्या, कधी त्याहून खोल पाण्यात उतरायचं. पाण्याखाली गुळगुळीत गोटे असतात.

हे दिवसातून दोनदा, हवामान बरं असलं तर. म्हणजे गुडघ्याची परीक्षा बर्फावर कमी आणि त्या जिन्यावर व बोटीत जास्त. घरी बसून ‘जमेल की’ म्हणू नका, करून बघा. कृष्णेच्या घाटावर पाणी उतरलेलं असेल तेव्हा ओल्या पायऱ्यांवरून, कठडा न धरता, पण कोणाला तरी शेजारी ठेवून, सावकाश चढ-उतार करा. नावेत चढून-उतरून बघा. चढाच्या सरावाला आपल्याकडे दंडोबाचा डोंगर आहे. उतरताना गुडघा किती बोलतो ते लक्षात ठेवा, चढताना तो बहुधा कमी बोलतो. हाडांच्या डॉक्टरांना हे सगळं असंच वर्णन करून सांगा. ‘परदेशी सहलीला जातोय’ एवढंच सांगितलंत तर ते युरोपची बस डोळ्यांसमोर आणून खुशाल हो म्हणतील. काठी नेता येते. आणि किनाऱ्यावर उतरल्यावर टेकडी चढलीच पाहिजे अशी सक्ती नसते. पेंग्विन खालीही भरपूर असतात.

पेंग्विन मात्र नाकाने आधी कळतात, शाकाहारी माणसाला तर जरा जास्तच. त्यांचं सगळं खाणं क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या जीवांचं आणि माशांचं, त्यामुळे वसाहतीची जमीन गुलाबी-तपकिरी विष्ठेने माखलेली असते. तो उग्र वास जॅकेटला चिकटून खोलीपर्यंत येतो. समुद्रापासून घरट्यापर्यंत त्यांनी बर्फात ये-जा करून चर पाडलेले असतात. त्या चरांवरून आपण चालायचं नाही आणि वाटेत आलो तर थांबायचं, पहिला हक्क त्यांचा. आपला पाय मऊ बर्फात गुडघ्याएवढा खचला तर तो खड्डा आपणच बुजवायचा, कारण त्यात पडलेल्या पेंग्विनला बाहेर येता येत नाही. अंतर कमीत कमी पाच मीटर. पेंग्विनला हा नियम कोणी सांगितलेला नसतो. तो सरळ तुमच्या बुटापाशी येऊन वर बघतो, तेव्हा हलायचं नाही. मी गेले होते तेव्हा एका जेंटू पेंग्विनने माझ्यासमोर शेजारच्या घरट्यातला दगड चोरून स्वतःच्या घरट्यात नेऊन ठेवला, परत गेला आणि दुसरा आणला. शेजारीण अंड्यावर बसून नुसती ओरडत होती. मार्गदर्शकाने सांगितलेलं त्या दिवशीचं बाकी काही आठवत नाही.

आता सरांचं हृदय. स्टेंट आहे म्हणून दार बंद, असं नाही. दोन वर्षं झाली, चालणं चांगलं आहे, असे लोक जातात. पण एक गोष्ट डॉक्टरांसमोर आणि मुलासमोर उघड बोला. जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, ईसीजी निघतो, पहिले उपचार होतात. अँजिओग्राफी होत नाही. तसं काही लागलं तर जहाज माघारी फिरवून दक्षिण अमेरिकेला दोन दिवस, नाहीतर अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावरच्या धावपट्टीवरून विमान, तेही हवा मोकळी असेल तर. घरापासून मिरजेच्या दवाखान्यापर्यंत रिक्षाने मिनिटांत जाता. तिथे मिनिटं नाही, तासही नाही, दिवस धरा. हे ऐकून डॉक्टर स्ट्रेस टेस्ट, इको असं जे सांगतील ते करा. कंपनीही वैद्यकीय फॉर्म भरून घेते. त्यात स्टेंट लपवू नका. ‘कशाला लिहायचं, उगाच नाही म्हणतील’ हा आपला सवयीचा शहाणपणा इथे अंगाशी येतो, कारण लपवलेल्या आजाराचा दावा विमा कंपनी फेटाळते. रक्त पातळ असलेल्या माणसाने जहाजाच्या जिन्यावरून पडणं किती महागात जातं, तेही डॉक्टरांना विचारून ठेवा. औषधं लागतील त्याच्या दुप्पट घ्या. निम्मी सरांच्या हातातल्या पिशवीत, निम्मी तुमच्या, आणि सोबत औषधांच्या मूळ नावांसकट छापील चिठ्ठी.

विम्याचं काम मुलाकडे द्या. हे टोमणा म्हणून सांगत नाही. तो ‘मनालीला जा’ म्हणतो त्यात मला कंजूषपणा दिसत नाही, भीती दिसते. भ्यायलेल्या माणसाला वाद घालून पटत नाही, काम दिलं की पटतं. त्याला सांगा, पॉलिसीत अंटार्क्टिका नाव घेऊन समाविष्ट आहे का, आधीपासूनचा हृदयविकार धरला आहे का, सरांच्या वयाला मर्यादा आहे का, आणि आजारी माणसाला तिथून हलवायचा खर्च किती रकमेपर्यंत मिळतो, हे विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी घे. एजंटचं फोनवरचं ‘सगळं कव्हर आहे’ धरू नका. जहाज कंपनीही हलवण्याच्या खर्चासाठी किमान रकमेची अट घालते, आणि ती लाख डॉलरच्या घरातली किंवा त्याहून जास्त असते. आपल्याकडच्या साध्या पॉलिसीत ती बसेलच असं नाही.

जहाज बुडण्याचं त्याने विचारलंय, तर तेही टाळत नाही. २३ नोव्हेंबर २००७ रोजी ‘एक्सप्लोरर’ नावाचं पर्यटक जहाज किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फावर आदळून खरंच बुडालं. जहाजावर १५४ माणसं होती. ती सगळी होड्यांत उतरली, काही तास थंडीत काढले आणि जवळच्या दुसऱ्या पर्यटक जहाजाने त्यांना उचललं. एकही दगावलं नाही. सगळी जहाजं आपापल्या वेळापत्रकांची देवाणघेवाण करतात. त्यामुळे एका जागी दोन जहाजांची गर्दी होत नाही आणि अडचणीत कोण किती जवळ आहे हेही माहीत असतं. २०१७ पासून ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांसाठी ‘पोलर कोड’ हा आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे. जहाजाची बांधणी, होड्या, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण असं सगळं त्यात येतं. मला विचाराल तर बुडण्यापेक्षा बाथरूममध्ये घसरून मनगट मोडण्याची काळजी जास्त करा.

ती काळजी येते ड्रेक पॅसेजमध्ये. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिकाजवळची बेटं यांच्यामधला हा सुमारे ८०० किलोमीटरचा समुद्र. अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघालं की जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. सरांना कारण सांगायला नको, तरी वाचकांसाठी लिहिते. त्या अक्षांशांवर पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घातली तरी वाटेत जमीन लागत नाही. पश्चिमेचे वारे आणि अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी प्रवाह यांना अडवायला काहीच नाही, आणि हे सगळं पाणी त्या एका फटीतून रेटलं जातं. नशीब असेल तर तळ्यासारखा शांत मिळतो, नाहीतर ताटं टेबलावरून चालायला लागतात. दोन्ही धरून जा.

उलटीची गोळी उलटी झाल्यावर घेऊन उपयोग नाही. आंबा घाटात जाताना आपण अ‍ॅव्होमिन गाडीत बसण्याआधी घेतो, तसंच इथे जहाज खाडीतून बाहेर पडण्याआधी. मात्र या जातीच्या गोळ्या आणि कानामागे लावायची पट्टी, दोन्हींनी काचबिंदू असणाऱ्यांना आणि प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या पुरुषांना अडचण होऊ शकते. लघवी अडते, गुंगी येते. सर ६९चे आहेत, डॉक्टरांना हे मुद्दाम विचारा आणि घरीच एकदा गोळी घेऊन बघा. पोट रिकामं ठेवू नका. आलेपाकाची वडी चालते, निदान तोंडाला बरी. चालताना एक हात कायम कठड्यावर. दाराच्या चौकटीत बोटं घालू नका. जहाज कललं की जड दार आपोआप मिटतं आणि बोटं चेचतात. जहाजावर दवाखान्यात जाणारे पुष्कळ जण थंडीने नाही, असल्या कारणांनी जातात.

खोलीबद्दल आपली समजूत उलटी असते. वरच्या मजल्याची, बाल्कनीची खोली महाग म्हणून चांगली. पण जहाज हलतं ते वर आणि टोकांना सर्वांत जास्त. खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली, गोल खिडकीची खोली सर्वांत कमी हलते आणि बहुतेकदा सर्वांत स्वस्त असते. तीच घ्या. हिमनग बघायला तुम्ही डेकवर असणार, खोलीत नाही.

ड्रेक टाळून चिलीच्या पुंता अरेनासहून साधारण दोन तासांच्या विमानाने किंग जॉर्ज बेटावर उतरायचं आणि तिथे जहाज पकडायचं, असाही मार्ग आहे. महाग आहे, आणि धुकं पडलं तर विमान दिवसदिवस उडत नाही. डॉक्टरांनी हेलकावे नको म्हटलं तरच तो बघा. एरवी भूगोलाच्या सरांनी ड्रेक टाळायचा म्हणजे वारीला निघून दिवेघाट गाडीने पार करण्यासारखं आहे.

कधी जायचं? तिथला उन्हाळा नोव्हेंबर ते मार्च, सहली तेवढ्याच काळात. नोव्हेंबरात बर्फ स्वच्छ आणि खोल, पेंग्विन घरटी बांधत असतात. डिसेंबरअखेर-जानेवारीत पिल्लं, लांबच लांब दिवस आणि सर्वांत चढे दर. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंपबॅक देवमासे भरपूर, पिल्लं मोठी झालेली, दर थोडे उतरलेले, किनाऱ्यावर चिखल. खोल बर्फ तुमच्या गुडघ्याला नको, म्हणून जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. थंडीला घाबरू नका. उन्हाळ्यात तिथे तापमान शून्याच्या आसपास असतं. बोचतो तो वारा आणि भिजणं. जाड कोट आणि गमबूट अनेक जहाजांवरच मिळतात, आधी विचारा. पाणी न शिरणारी पँट, हातमोज्यांचे दोन जोड, गडद चष्मा आणि सनस्क्रीन मात्र तुमचं तुम्ही न्यायचं. बर्फावरून परतणारं ऊन हनुवटीच्या खालूनही भाजतं.

कपड्यांवरून आठवलं. किनाऱ्यावर उतरण्याआधी तुमच्या बॅगा, खिसे, वेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्युमने साफ करायला लावतात, कारण बाहेरचं एकही बी तिथे रुजायला नको. दंडोबाला घातलेले मोजे आणि पँट तीच नेणार असाल तर आधी अंगणात बसून कुसळं वेचा. नाहीतर जहाजावर चिमटा घेऊन तेच करत बसाल.

‘मैत्री’चं मात्र मन मोडावं लागेल. १९८९ पासूनचं हे आपलं केंद्र खंडाच्या दुसऱ्याच बाजूला, शिरमाखर टेकड्यांत आहे. २०१२चं ‘भारती’ आणखी पूर्वेला. उशुआयाची जहाजं जातात ती अंटार्क्टिक द्वीपकल्पाला, तिथून ‘मैत्री’ हजारो किलोमीटर. आपले शास्त्रज्ञही तिकडे केपटाउनमार्गे जातात. जो कोणी ‘मैत्री दाखवतो’ म्हणेल त्याच्याकडे पैसे भरू नका. त्याऐवजी सरांसाठी दोन गोष्टी कंपनीला विचारून ठेवा. पहिली, खंडाच्या मुख्य भूमीवर उतरवण्याचा प्रयत्न करणार का. कारण पुष्कळ थांबे बेटांवर असतात, आणि नेको हार्बर किंवा पॅराडाइज बे इथे मुख्य भूमीवर पाय टेकतो. भूगोलाच्या माणसाला हा फरक झोप लागू देत नाही. दुसरी, पोर्ट लॉकरॉय. १९४४चा ब्रिटिश तळ, आता तिथे संग्रहालय आणि पोस्ट ऑफिस आहे. सरांनी स्वतःलाच सांगलीच्या पत्त्यावर एक कार्ड टाकावं. ते तुमच्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी, कदाचित महिन्यांनी पोचेल.

पण दोन्हींची हमी कोणी देणार नाही. माहितीपत्रकात रोजचा कार्यक्रम छापलेला असतो, तो इच्छा म्हणून वाचा. वारा सुटला, खाडीत बर्फ भरला, की कॅप्टन बेत बदलतो आणि त्याला कोणी का म्हणून विचारत नाही. अंटार्क्टिक वृत्त, ६६ अंश ३३ मिनिटं, दहा-अकरा दिवसांच्या नेहमीच्या सहलीत ओलांडलं जात नाही, त्याच्या लांब सहली वेगळ्या. सरांनी ती आशा आधीच सोडावी.

म्हणून पैशाचा प्रश्न मी असा विचारेन. लहान जहाजाचं दोघांत एक खोली धरून भाडं, विमान, उशुआयातला मुक्काम, विमा, कपडे, कर्मचाऱ्यांची बक्षिसी, सगळं मिळून माणशी साधारण दहा ते चौदा लाख होतात. त्यातले निम्मे थांबे हवामानाने गेले, तरी परत आल्यावर तुम्ही दोघं एकमेकांना ‘उगाच गेलो’ म्हणणार नाही ना? म्हणणार असाल तर जाऊ नका, एफडी राहू द्या. नसाल तर मोडा. फक्त सरांच्या आजारपणासाठी बाजूला ठेवलेली आणि महिन्याचं व्याज देणारी, या दोन्हींना हात लावू नका. तुम्ही बँकेतल्या, कुठली आधी मोडायची हे तुम्हाला मी काय सांगणार. परदेशी सहलीवर आगाऊ कापला जाणारा टीसीएस हा कर आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर ती रक्कम अडकते, तेवढी हाताशी हवी. आणि रद्द करण्याच्या अटी वाचा. निघायच्या दोन-तीन महिने आधीपासून बहुधा एक पैसा परत मिळत नाही. यंदाची घाई करू नका. पुढच्या हंगामाचं आत्ता आरक्षण केलंत तर लवकरची सवलतही मिळते आणि गुडघ्याला वर्षही मिळतं.

मराठी टूर कंपन्यांचे गटही जातात. सोबत आपला माणूस, व्हिसाची कटकट नाही, जेवणाची काळजी नाही. पण ते कुठल्या जहाजावर जागा घेतात आणि त्यावर किती प्रवासी असतात, हे टूरच्या नावाआधी विचारा.

व्हिसा अर्जेंटिनाचा. मुंबईत त्यांची वकिलात आहे. एकाहून जास्त वेळा प्रवेशाची मुभा मिळते का बघा, कारण जहाजाने तुम्ही देश सोडून परत येता. ब्यूनोस आयरेसला आंतरराष्ट्रीय विमानतळ एझेइझा, आणि उशुआयाची बरीच विमानं शहरातल्या दुसऱ्याच विमानतळावरून सुटतात. मधे चार-पाच तास ठेवून चालत नाही. उशुआयात जहाजाच्या आधी दोन रात्री राहा. बॅग मागे राहिली तर यायला वेळ मिळतो, जहाज कोणासाठी थांबत नाही.

एक गोष्ट भले भले विसरतात, ती म्हणजे पीतज्वराची (यलो फीवरची) लस. पीतज्वर असलेल्या देशांची भारत सरकारची जी यादी आहे, तिच्यात अर्जेंटिना आणि ब्राझील आहेत. तिकडून परतताना लसीचं प्रमाणपत्र नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, आणि ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते. पण साठीच्या पुढे पहिल्यांदा ही लस घेताना गंभीर त्रासाचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. म्हणजे तुम्हा दोघांनाही ‘घेऊन टाकू’ म्हणता येणार नाही. डॉक्टरांना विचारा. लस देता येत नाही असं त्यांचं मत पडलं तर तसा वैद्यकीय दाखला कसा घ्यायचा ते लस केंद्रावरच विचारून घ्या. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

शाकाहाराचं काही अडत नाही. आरक्षण करतानाच लिहा, कांदा-लसूण चालत नसेल तर तेही. भात, पाव, भाज्या, सूप, फळं मिळतात, चव अळणी. भडंग न्यायचंच असेल तर सीलबंद पाकीट न्या आणि अर्जेंटिनाच्या कस्टमला दाखवा. किनाऱ्यावर मात्र त्यातला शेंगदाणासुद्धा न्यायचा नाही, तिथे खाण्याला बंदी आहे.

डॉक्टरांनी सरांना नाहीच म्हटलं तर? तर उत्तर ध्रुवाकडचं स्वालबार्ड, म्हणजे नॉर्वेची बेटं, विचारा. ऑस्लोहून विमानाने लाँगयिअरब्येन, ७८ अंश उत्तर, आणि तिथून उन्हाळ्यात लहान जहाजं निघतात. ड्रेक नाही, गावात छोटं रुग्णालय आहे, खर्च बराच कमी. पेंग्विन नाहीत, पण मध्यरात्रीचा सूर्य, वॉलरस, आणि लांबून पांढरं अस्वल. तिथे शेजारीच नी-ऑलेसुंडला भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे, २००८ पासून. सरांना एवढाही दिलासा पुरेल. शेंगेन व्हिसा मात्र किमान दोनदा प्रवेशाचा घ्या, स्वालबार्ड त्या क्षेत्राबाहेर आहे.

आता तुमची साडी. हसले नाही. पण किनाऱ्यावर जमणार नाही, आणि कारण थंडी नाही. दक्षिण जॉर्जिया बेटावर २०२३च्या ऑक्टोबरात आणि अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर २०२४च्या फेब्रुवारीत पक्ष्यांचा फ्लू सापडला. त्याच्या धोक्यामुळे किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅग खाली ठेवायची नाही. जमिनीला लागायचे फक्त बूट, कारण तेच धुता येतात. साडीचा घोळ पेंग्विनच्या विष्ठेतून फिरला तर मार्गदर्शक तुम्हाला पुढच्या बोटीने परत पाठवेल, आणि बरोबरच करेल. साडी डेकवर नेसा. ऊन पडलेलं असेल, जहाज खाडीत स्थिर उभं असेल, मागे हिमनदी असेल, तेव्हा आत लोकरीचे कपडे घालून वर साडी, असा फोटो छान येतो. पदराला पिना जास्त लावा. शेवटच्या रात्री कॅप्टनचं जेवण असतं, तिथे पुन्हा तीच नेसा. इरकल न्या, चुरगळली तरी दिसत नाही. एकच न्या. अर्जेंटिनातल्या देशांतर्गत विमानात सामानाचं वजन काटेकोर बघतात, आणि त्या वजनात तुम्हाला सरांची दुप्पट औषधं बसवायची आहेत.